भीमाबाईचा अंगठा

सगळं आंबेदरा गाव राजूरच्या बाजाराला गेलेलं असताना, भर दुपारी कुणीतरी बनुबाईच्या डोक्यात वरवंटा घातला. म्हातारी जगली, पण शुद्धीवर येईना. गळ्यातली बोरमाळ गेली होती, आणि पितळी डब्यावर रक्ताने भरलेला एक ठसठशीत अंगठा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी चौकीतल्या नव्या यंत्राने तो ठसा अर्ध्या मिनिटात ओळखला. भीमाबाई! बनुबाईकडे भांडी घासणारी.

गावाची पाचावर धारण बसली होती. भरदिवसा दारांना आतून कड्या. आता जो तो म्हणू लागला, "मशीन कशाला खोटं बोलंल?" फौजदारसाहेबांनी तर पेढेसुद्धा मागवले. "हिला न्यायला पाचला गाडी येईल. तोवर कागद तयार पाहिजेत," असं हवालदार सत्यशीलाला बजावून ते तालुक्याला गेले.

चौकीत मागे राहिली तिघं. सत्यशीला, भिंतीशी अंग चोरून उभी असलेली भीमाबाई आणि यंत्र चालवायला कंत्राटावर आलेला हर्षल.

"मावशी, काल दुपारी कुठं होतात?"

"घरीच हुते. ताप आल्ता."

"कुणी पाहिलं?"

"कोन बघनार? समदी बाजारला. बाई, म्या जेलात मरून जाईन वो!"

सत्यशीलाने हातातला कागद बाजूला ठेवला. यंत्रापुढे एका हवालदाराचं कोण ऐकणार? तरी मेली शंका काही जाईना.

"रेशनला अंगठा लावता ना?"

"माझा कुटं उमटतोय? भाताची आवनी करून, राखेनं भांडी घासून बोटं पार गुळगुळीत झाली. सूनच लावती."

सत्यशीलाने तिचा हात उजेडात धरला. बोटं नदीतल्या गोट्यासारखी. मग डब्यावर रेघ न् रेघ उमटली कशी?

"हर्षल, मावशींचा अंगठा पुन्हा घे बरं."

"नोंद आहे ना, मॅडम! गेल्या महिन्यात गावाचे ठसे नोंदवायचं शिबिर झालं, तेव्हा मीच घेतली. एका दिवसात एकशे बारा माणसं, ठशाची एकही जागा रिकामी नाही." तो हसला. उजव्या अंगठ्यावरची पट्टी त्याने उगाच नीट केली.

"तरी घे."

भीमाबाईने काचेवर अंगठा टेकवला. ठसा मिळाला नाही. पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. चौथ्यांदाही नाही.

सत्यशीलाला कळलं. हर्षल तिच्याकडे टक लावून बघत होता. आता तो हसत नव्हता. ती सावकाश उठली, दार सताड उघडलं आणि समोरच्या गिरणीवरच्या बन्सी आणि कल्याणला हाक मारली. दोघं पीठ झटकत आत आले.

"हर्षल, पट्टी काढ."

"कापलंय, मॅडम."

"काढ म्हणते ना!"

तो दाराकडे झेपावला. बन्सीने त्याचं मनगट पकडलं. पट्टीखाली साधा ओरखडासुद्धा नव्हता. सत्यशीलाने तो अंगठा काचेवर दाबला, आणि पडद्यावर भीमाबाईचा फोटो आला.

"अगं आई गं! ह्यो तर माझा फोटू!" भीमाबाई ओरडली.

"शिबिरात मावशींचा ठसा उठेना," सत्यशीला म्हणाली. "जागा रिकामी राहिली असती तर याला वरून बोलणी बसली असती. म्हणून तिथं याने स्वतःचाच अंगठा लावून टाकला. बनुबाईची माळही त्याच दिवशी याच्या नजरेत भरली. बाजारच्या दिवशी गाव रिकामं, याने डाव साधला. डब्यावर ठसा निघाला तेव्हा हाच आधी घाबरला असेल. पण यंत्राने नाव घेतलं मावशींचं! मग काय, पट्टी बांधली आणि गप्प बसला. यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक, अंगठा कुणाचा ते?"

बोरमाळ हर्षलच्या मोटरसायकलच्या सीटखाली सापडली. पाचच्या गाडीत तो बसला. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला.

"मावशी, घरी सोडल्याच्या कागदावर तेवढा अंगठा उठवा, नुसता डाग पडला तरी चालेल," म्हणत सत्यशीलाने शाईची डबी पुढे केली.

भीमाबाईने दोन्ही हात पदराखाली लपवले.

"न्हाई बाई. हितंच बसवून ठिवा. पर आंगठा न्हाई द्यायची."

सत्यशीलाला आग्रह करवेना. तिने डबी मिटली, आणि मावशीला घरापर्यंत सोडायला निघाली.