मागून येणारी सुई

कळंबच्या एसटीतून उतरून झरीननं पिशवी आजोळी, नानांच्या ओट्यावर टाकली न टाकली, तोच तिचा वस्तीवरचा दोस्त रणधीर सायकल घेऊन दारात हजर झाला. नवं विमान येतंय, दोन इंजिनांचं, आत्ता, या घडीला, आणि तू पाणी काय पीत बसलीस, असं त्याचं म्हणणं. झरीननं तांब्या तसाच ठेवला आणि कॅरिअरवर उडी मारली. दिवाळीची सुट्टी अशी सुरू झाली की तिला बरं वाटायचं.

वस्तीला लागूनची धावपट्टी म्हणजे तिथल्या पोरांचं जुनं अंगण. झरीन सायकल शिकली ती तिथंच, आणि तिची मैत्रीण आरोहीनं गुडघे फोडून घेतले तेही तिथंच. तेव्हा कुंपण नव्हतं. उन्हं कलली की त्या लांबलचक डांबरावर शेळ्या निवांत रवंथ करत बसायच्या आणि पोरं त्यांना वळसे घालत सायकली पळवायची. मग वैमानिक घडवणारी शाळा आली, कुंपण आलं, शेळ्या गेल्या. पुढं अब्बांच्या बदलीमुळं झरीनही कळंबला गेली. आता ती सुट्टीपुरती यायची, आणि दर खेपेला काहीतरी बदललेलं दिसायचं. तिला ते मुळीच आवडत नसे.

एक मात्र बरं होतं. आरोहीची आजी धुरपदाबाई शाळेच्या विद्यार्थ्यांना जेवण पुरवायची, आणि डबे पोचवण्याच्या निमित्तानं तिघांना फाटकातून आत शिरता यायचं. शिवाय आरोहीच्याच घरी एक खोली घेऊन महेश्वरीताई राहायची. ती अक्कलकोटकडची. भाड्याच्या विमानांवर वैमानिक व्हायचं हे तिचं स्वप्न. ही विमानं एसटीसारखी ठरल्या वेळेला सुटत नाहीत. कुणाला आजारी माणूस मुंबईला न्यायचा असतो, कुणाला तातडीनं नागपूर गाठायचं असतं, तसं ज्याला जिथं जायचं तिथं ती जातात. रणधीरच्या भाषेत, आभाळातली भाड्याची जीप. एका इंजिनाच्या विमानावर ताईचा हात बसला होता. दोन इंजिनांच्या विमानाची परीक्षा तेवढी राहिली होती, आणि ती पास झाली की एका कंपनीत तिची जागा पक्की होती.

पोरं पोचली तेव्हा विमान उतरत होतं. पांढरं शुभ्र, दोन्ही पंखांवर एकेक पंखा. शाळेचे मुख्य शिक्षक कॅप्टन कृष्णराज स्वतः ते उडवत घेऊन आले होते. त्यांनी खाली पाय ठेवला आणि समोर धुरपदाबाई ताट घेऊन उभी. दारात नवी गाडी आली आणि तिला ओवाळलं नाही, असं या भागात होत नाही. मग ती मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर विमान.

कॅप्टन हसत हात जोडून उभे राहिले. चाकांखाली लिंबं ठेवली गेली. नारळ फुटला. धुरपदाबाईनं हळदी-कुंकू पाण्यात कालवून घट्ट केलं होतं. विमानाला कपाळ कुठलं, म्हणून ती जरा घुटमळली, मग दाराच्या मागं तिला हवी तशी जागा सापडली आणि तिनं अंगठ्यानं दाबून कुंकू लावलं. दुसरी बाजू रिकामी कशी ठेवायची, म्हणून तिकडंही लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रणधीरनं खोबऱ्याचे तुकडे वाटता वाटता निम्मे स्वतःच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी महेश्वरीताईचा सराव होता. तिघं जण कुंपणाबाहेरच्या बांधावर उताणे पडून बघत होते. हा त्यांचा जुना खेळ. सरावाची विमानं पाण्याच्या टाकीवरून ठरलेल्या उंचीवरून जातात, आणि इतकी वर्षं बघून बघून पोरांच्या डोळ्यांना ती उंची पाठ झाली होती. महेश्वरीताई तर कधीच चुकायची नाही. आज मात्र विमान टाकीवरून फार वरून गेलं, मग एकदम खाली दबलं. पुढच्या फेरीलाही तेच झालं.

“ताईला बरं न्हाय का काय?” आरोही म्हणाली.

ताई खाली उतरली ती डोळे पुसतच. कॅप्टन शेजारी बसून एक इंजिन मंद करायचे आणि उरलेल्या एकावर विमान सरळ ठेवायला सांगायचे. ते तिला जमलं होतं. घोटाळा झाला तो उंचीचा. विमान वर गेलं तरी उंची दाखवणारी सुई मागून येते, असं तिनं कॅप्टनना सांगितलं. त्यावर ते म्हणाले होते, “सुई मागं नाही, महेश्वरी. तू मागं आहेस.” उद्या बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर असंच झालं, तर तिला पुन्हा एका इंजिनावर बसवणार होते आणि कंपनीतली जागा हातची जाणार होती.

रणधीरनं ताईसाठी पेरू आणले.  झरीन उगाच आकाशाकडं बघत बसली, आणि म्हणूनच तिला ते दिसलं. संध्याकाळी कॅप्टन एकटेच ते विमान घेऊन वर गेले. टाकीवरून जाताना तेही फार वरून गेले, आणि मग एकदम दबले.

झरीन उठून उभी राहिली. “सरांचंबी तसंच झालं. म्हणजे ताई चुकली न्हाय. विमानच बिघडलंय.”

पोरं धावत फाटकाशी गेली. कॅप्टन म्हणाले, आज हवा जरा अवखळ आहे. इंजिनं तपासलीत, ठणठणीत आहेत. घरी जा. हवा तर अशी पडलेली होती की कडब्याची काडीसुद्धा हलत नव्हती, पण हे त्यांना कोण सांगणार?

घरी आल्यावर झरीननं ताईला विचारलं, ती सुई चालते तरी कशावर. ताई म्हणाली, हवेच्या दाबावर. विमानाच्या दोन्ही कुशींना रुपयाएवढी चकचकीत चकती असते, तिला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. त्यांतून बाहेरची हवा आत येते. वर गेलं की हवा विरळ होते आणि सुई सरकते. “मी उड्डाणाआधी रोज बघते त्या चकत्या. लख्ख आहेत,” असं म्हणून ती अभ्यासाला आत गेली.

आरोहीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं दोघांना परड्यात ओढत नेलं. “दाराच्या मागं, दोन्ही बाजूंना, चकचकीत चकती. आजीनं कुंकू कुठं लावलं, आठवतंय?”

 मेकॅनिक गुंडाप्पांनी पांढऱ्या रंगावर डाग पडेल म्हणून विमान आलं त्याच दुपारी ते घासून पुसलं होतं. म्हणजे वरचं कुंकू गेलं, आणि अंगठ्यानं दाबलेलं आतच वाळून बसलं! हवा जात होती, पण कशीबशी, म्हणून सुई मागून येत होती.

“सांगू नका कुणाला,” आरोही रडवेली झाली. “आजीला कामावरून काढतील. ती किती हौसेनं गेली होती.”

“आणि उद्या ताई त्यात बसून वर गेली तर?” झरीन म्हणाली. “उंचीच खोटी दिसली, तर उतरताना काय होईल?”

आरोही बराच वेळ नखं कुरतडत राहिली. मग तिनंच ठरवलं. सांगायचं, पण आजीचं नाव घ्यायचं नाही.

सकाळी धुरपदाबाईचे डबे घेऊन तिघं आत गेले. पांढऱ्या केसांचे परीक्षक आले होते. महेश्वरीताई एका बाजूला ओठ घट्ट मिटून उभी होती. झरीननं कॅप्टनना छिद्रांचं सांगितलं. ते परीक्षकांसमोर अवघडून हसले आणि म्हणाले, सगळं तपासून झालंय, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. गुंडाप्पांनीही मान डोलावली.

मग झरीनच्या डोक्यात आलं. “बरं सर. पण सुट्टी संपली की मी जाणार. नव्या विमानापाशी आमचा एक फोटो तरी काढा की.”

एवढ्यावर पीडा टळतेय म्हटल्यावर कॅप्टन लगेच तयार झाले. फोटोसाठी रणधीर नको तितका वेळ केस सारखे करत राहिला, आरोहीनं त्याला दोनदा जागा बदलायला लावली, आणि झरीन दाराच्या मागं बरोबर चकतीला टेकून उभी राहिली. पाठीमागच्या हातात तिचा ओला पांढरा रुमाल होता. तो तिनं चकतीवर दाबून धरला. कॅप्टन हसा हसा म्हणत राहिले, आणि तिघंही हसत राहिले.

फोटो झाल्यावर तिनं रुमाल परीक्षकांसमोर उलगडून धरला. त्यावर बारीक बारीक लाल ठिपके उमटले होते.

परीक्षकांनी चष्मा वर केला. गुंडाप्पा धावत भिंग घेऊन आले. छिद्रं आतून लाल होती, दुसऱ्या बाजूचीही. हे कुणी केलं, असं परीक्षकांनी विचारलं. झरीन जमिनीकडं बघत राहिली. 

“म्या लावलं,” मागून आवाज आला. धुरपदाबाई राहिलेला चहा घेऊन आली होती. “मला काय ठावं, साहेब, ते त्याचं नाक हाय म्हणून? लेकरांना बोलू नका.”

कॅप्टन कृष्णराज पुढं आले. मग म्हणाले, “आजी, तुम्ही लावलं तेव्हा मी हात जोडून समोर उभा होतो. बघणं माझं काम होतं. काल माझीही सुई मागून आली, आणि मी हवेवर ढकललं.” ते महेश्वरीकडं वळले. “चूक माझी होती. तू बरोबर सांगत होतीस.”

छिद्रं साफ करायला आणि सुया नीट तपासायला दुपार गेली. परीक्षा चार वाजता झाली. पोरं बांधावर उताणी पडली होती. विमान टाकीवरून गेलं ते जसं जायला हवं तसंच, प्रत्येक फेरीला. एका फेरीत एक इंजिन मंद झालेलं ऐकू आलं, तरी ते तसूभरही हललं नाही. आरोहीनं झरीनचा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

उतरल्यावर परीक्षकांनी आधी महेश्वरीशी हात मिळवला आणि मग तिघांशी. एवढ्या वर्षांत अशी तपासणी आपण पाहिली नाही, असं ते म्हणाले. कॅप्टननी वस्तीवर येऊन नानांना आणि धुरपदाबाईला सगळं पुन्हा सांगितलं. नानांनी झरीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. धुरपदाबाईनं साऱ्या वस्तीला शिरा खाऊ घातला. आमची पोरं, असं ती दर घासाला म्हणत होती.

दोन दिवसांनी महेश्वरीताई निघाली. कंपनीनं लगेच बोलावलं होतं. खोलीतली तिची पेटी, आरशाजवळची टिकल्यांची पाकिटं, दोरीवरचा टॉवेल, सगळं एका रिक्षात मावलं. तिनं तिघांना जवळ घेतलं. 

रिक्षा येरमाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत पोरं मागं पळत गेली. मग झरीन थांबली. ताई पास व्हावी म्हणून आपण एवढी धडपड केली, आणि ती पास झाली म्हणूनच आता जातेय, हे तिला तेव्हा कळलं.  तिनं दोन्ही हात उंच करून हलवले, आणि रिक्षातून बाहेर आलेला ताईचा हातही किती तरी लांबपर्यंत हलत राहिला.