रंगराव स्कूटर शिकतात

रंगराव सतराव्यांदा पडले तेव्हा मी पेरू खात सायकलवर गोल गोल फिरत होते. एक हात हँडलवर, दुसऱ्यात पेरू. आणि ज्यांनी अकरा वर्षं मोटार चालवली, पण तिला एक ओरखडा येऊ दिला नाही, ते आमचे रंगराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा पावलंसुद्धा स्कूटर नेऊ शकत नव्हते. हे कोडं मला काही केल्या सुटेना.

रंगराव म्हणजे यंत्रमानव. आमच्या सोसायटीची मोटार चालवायचे. बालवाडीपासून मला शाळेत त्यांनीच सोडलंय. त्यांना अरे-तुरे करायचं की अहो-जाहो, यावर सोसायटीची रीतसर बैठक झाली होती आणि अडीच तासांनी अहो-जाहो मंजूर झालं. आमचं पुणं हे असं आहे.

पण यंदा पेठांमध्ये मोटारी बंद झाल्या. पन्नास-साठ किलोच्या एका माणसाला न्यायला बाराशे किलोचा डबा हलवायचा, आणि तो जिथे उभा करायचा तिथे पाच-सहा स्कूटरी मावतात, हे कुणालाच पटेनासं झालं होतं. आता सगळे विजेच्या स्कूटरवर. ज्या आजी-आजोबांना स्कूटर जमत नाही त्यांना यंत्रमानवांनी मागे बसवून न्यायचं, असं ठरलं. त्यासाठी सोमवारी परीक्षा होती. जो नापास होईल त्याची स्मृती पुसून त्याला गोदामात पोती उचलायला धाडणार होते. म्हणजे मंगळवारी रंगरावांना मी, केतकी, कोण हेच आठवलं नसतं. हा विचार आला आणि उरलेला पेरू माझ्याच्यानं खाववेना.

"ताई, तुम्ही पडत कशा नाही?" रंगरावांनी उठता उठता विचारलं.

"मी काहीच करत नाही हो. आपोआप होतं."

"मग ते काहीच न करणं कसं करायचं, ते सांगा."

आता काय सांगणार, कपाळ? मी सरळ कुमुदआत्याला बोलावून आणलं.

कुमुदआत्या म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वय त्र्याहत्तर. तिनं जन्मभर प्रयोगशाळेत चाकांचा अभ्यास केला. तिची स्वतःची स्कूटर चाळीस वर्षांची आहे, आणि नवी घे म्हटलं की ती दोन दिवस बोलत नाही. ती आली तीच चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून. तिनं रंगरावांना एकदा पडताना पाहिलं, तेवढं तिला पुरलं.

"तोल जायला लागला की हँडलचं काय करता?"

"सरळ धरून ठेवतो, मॅडम. फारच गेला तर उलट बाजूला वळवतो."

"म्हणून तर आपटता. केतकी, तो झाडू आण."

तिनं मला झाडू तळहातावर उभा धरायला लावला. झाडू डावीकडे कलला, तसा माझा हातही डावीकडे गेला.

"का नेलास हात तिकडे?"

"त्याच्या खाली जायला."

"बरोब्बर. झाडूचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जणू जिथे एकवटलेलं असतं तो बिंदू) ज्या बाजूला झुकला, त्याच बाजूला तू आधार सरकवलास. स्कूटरचंही तेच. ती ज्या बाजूला पडायला बघते, त्याच बाजूला हँडल जरासं वळवायचं. मग चाकं तिकडे सरकतात आणि पुन्हा वजनाच्या खाली येतात. वेगात असलं की एवढंसं वळवून भागतं. हळू असलं की बरंच वळवावं लागतं. आणि थांबलं की चाकं सरकतच नाहीत, म्हणून आपण पाय टेकतो."

रंगरावांनी पुन्हा स्कूटर घेतली. दहा पावलं गेले, वीस गेले. पाण्याच्या टाकीपाशी डावं वळण आलं आणि धाडकन पडले.

"सरळ जाणं जमलं, वळणं राहिलं," आत्या म्हणाली आणि तिनं आपले हातमोजे मला चढवले. त्यांच्या अस्तरात तिनं संवेदक (दाब आणि हालचाल टिपणारे बारीक तुकडे) शिवले होते. "सायकल काय नि स्कूटर काय, दोघींना न्याय एकच. जा, डावीकडे वळून ये."

मी वळून आले. आत्यानं फोनवर एक रेघ दाखवली. त्या रेघेत स्पष्ट दिसत होतं की डावीकडे वळण्याआधी, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वेळ, माझ्या हातांनी हँडल उजवीकडे वळवलं होतं.

"खोटं आहे हे. मी डावीकडेच वळवलं."

"परत जा."

पाच वेळा गेले. पाचही वेळा रेघेनं तेच सांगितलं.

"वस्तूला जडत्व असतं, म्हणजे आहे त्याच वेगानं नाकासमोर जात राहायचा हट्ट," आत्या सांगू लागली. "मोटार वळली की आत बसलेले आपण बाहेरच्या बाजूला जातो, तो हाच हट्ट. मोटारीला चार चाकं असतात, ती उभी राहते. स्कूटरनं वळताना आतल्या बाजूला कललंच पाहिजे, नाहीतर ती बाहेर उलथेल. पण कलायचं कसं? हँडल क्षणभर उजवीकडे केलं की चाकं खालून उजवीकडे निसटतात आणि आपण डावीकडे कलतो. मग हँडल डावीकडे. याला प्रतिवळण (हवं त्याच्या उलट क्षणभर वळणं) म्हणतात. भाजी आणायला निघालेली बाई हे करते, दूधवाला करतो. आणि आपण हे करतो, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही."

मी माझ्या हातांकडे बघत राहिले. सायकल शिकल्यापासून सात वर्षं हे हात एवढं मोठं गणित सोडवत होते, आणि मला पत्ता नव्हता. आपल्याच अंगात असं आणखी काय काय दडलं असेल, या विचारानं मला फार नवल वाटलं, थोडी भीतीही वाटली.

रंगरावांनी हातमोज्यांमधल्या नोंदी वाचून घेतल्या. संध्याकाळपर्यंत ते टाकीला वळसा घालू लागले.

"मॅडम, आणखी एक कोडं आहे," ते म्हणाले. "रस्त्यात अनोळखी लोक एकमेकांना ओरडून सांगतात, स्टँड, स्टँड. मोटारवाल्यांना कुणी असं काही सांगत नाही."

"स्टँड असतो डावीकडे. तो खाली राहिला तर सरळ जाताना कळतही नाही. डावं वळण आलं की गाडी कलते आणि स्टँड रस्त्याला अडतो. वळायला कलायला हवं, पण कलता तर येत नाही. मग गाडी माणसाला फेकून देते. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, शेजारच्याला दिसतो, म्हणून शेजारच्यानं सांगायचं. नव्या गाड्यांचा स्टँड आपला आपण वर जातो. माझ्या म्हातारीचा नाही जात."

सोमवारी नदीकाठच्या रस्त्यावर परीक्षा होती. रस्त्याच्या डाव्या कडेला पांढरी रेषा आखली होती. परीक्षक तांबोळीसाहेब मागून स्कूटरवर येणार होते, आणि चाक रेषेवरून उतरलं की नापास, असा नियम होता. आम्ही झाडाखाली थांबलो होतो. रंगराव निघाले आणि इतके सुरेख निघाले, की आत्याला राहवेना.

"बस मागे. पुलाजवळचं वळण बघायचंय मला," म्हणत तिनं स्कूटर भरधाव सोडली. आम्ही रंगरावांच्या उजव्या बाजूनं पुढे आलो. पुलापाशी रस्ता डावीकडे वळत होता.

तेवढ्यात रंगरावांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. त्यांचं हँडल निमिषभर डावीकडे हललं. मला ते दिसलं. मग ते उजवीकडे कलले आणि रेषा सोडून थेट आमच्या शेजारी आले. एक हात हँडलवरून काढून त्यांनी खाली बोट दाखवलं.

"मॅडम, स्टँड."

आत्यानं टाचेनं स्टँड वर मारला. पंधरा पावलांवर वळण आलं. आम्ही डावीकडे कललो आणि अलगद वळलो.

पुलाखाली सगळे थांबले. जन्मभर चाकांचा अभ्यास केलेली आत्या वाकून स्वतःच्याच गाडीचा स्टँड तपासू लागली.

"रेषा सोडलीत," तांबोळीसाहेब म्हणाले.

"सोडली, साहेब."

"नियम ठाऊक होता?"

"होता. पण मॅडमना स्टँड दिसत नव्हता. मला दिसत होता."

"हे कुणी शिकवलं?"

"स्टँड का बघायचा ते मॅडमनी सांगितलं. मोठ्यानं सांगायचं, हे रस्त्यावर ऐकलं होतं."

तांबोळीसाहेबांनी हेल्मेट काढलं. "अठरा वर्षं परीक्षा घेतोय. रेषेवरून जाणारे पुष्कळ बघितले. शेजारच्याचा स्टँड बघणारा यंत्रमानव आज पहिल्यांदा बघितला." आणि त्यांनी कागदावर पासचा शिक्का मारला.

परतताना रंगरावांनी विचारलं, चंद्रावर स्कूटर चालेल का? आत्या लगेच खुलली. तिथे वजन सहावा हिस्सा, तेव्हा त्याच वेगात त्याच वळणाला कितीतरी जास्त कलावं लागेल, म्हणाली. कधीतरी कुणीतरी तिथे असं कलून वळेल, आणि ती मी असले तर काय बहार येईल, असं मला वाटून गेलं.

मंगळवारी सकाळी मी दप्तर लावून सायकलवर बसले, पण निघाले नाही. रंगराव चौथ्या मजल्यावरच्या पेंडसे आजोबांना मागे बसवून फाटकातून बाहेर पडत होते. माझ्यापाशी आले आणि त्यांनी वेग कमी केला.

"केतकीताई, स्टँड."

तो मी मुद्दामच खाली ठेवला होता.