उत्पला मेश्राम यांची जुळणी

“तुम्ही उत्पला मेश्राम नाही,” डॉ. विश्वंभर टेंभेकर म्हणाले. “म्हणजे मला विचाराल तर तुम्ही त्याच आहात. पण यंत्र नाही म्हणतं, आणि इथं मला कोणी विचारत नाही.”

नागपूरच्या मुद्रा-पडताळणी केंद्रातली ती प्रयोगशाळा इतकी गार होती की बाहेर मे महिना रणरणत असताना उत्पलाने अंगावर शाल घेतली होती. सकाळपासून तिच्या कपाळाला संवेदनपट्टी बांधलेली होती आणि यंत्र तिला एकाहून एक खुळचट प्रश्न विचारत होतं. चहा सांडला तर आधी कप उचलाल की फडकं शोधाल? दार वाजलं तर उघडण्याआधी ‘कोण’ म्हणून विचाराल का? तिने खरी उत्तरं दिली. खोटी सुचायला यंत्र वेळच देत नव्हतं. शेवटी पडद्यावर आकडा उमटला. जुळणी, एक्केचाळीस टक्के. कायद्याला नव्वद लागत होते.

उत्पलाला काही इस्टेट मिळवायची नव्हती. तिला केतकीला घरी आणायचं होतं. केतकी बालगृहात होती, सहा वर्षांची. ती तीन वर्षांची असताना उत्पला आणि तिचा नवरा सुमेध तिला पाहायला गेले, तेव्हा पोरगी सुमेधच्या मांडीवर चढून बसली आणि उतरेचना. दत्तकाची सगळी कागदपत्रं झाली, आणि सुमेध वारला. त्यानंतर उत्पला कुठेच गेली नाही. बालगृहात नाही, माहेरी नाही, कुठेच नाही. यंदा कशीबशी उठून ती पुन्हा तिथे गेली, तर केतकीने तिला ओळखलं आणि विचारलं, “काका कुठं आहेत?” त्या दिवशी उत्पला खूप रडली, पण घरी येऊन तिने रिकामी खोली झाडून काढली.

मग बालकल्याण समितीने तिची पतपत्रिका उघडली. शेरा होता, ‘थकबाकीदार’. वर्षापूर्वी तिच्या नावावर मोठं कर्ज उचललेलं होतं आणि एकही हप्ता भरलेला नव्हता. समितीच्या बाई भल्या होत्या, पण नियमापुढे त्यांचं काय चालणार? महिनाअखेर शेरा पुसला गेला नाही तर केतकीला मोठ्या मुलांच्या संस्थेत, दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचं ठरलं होतं. तिथल्या मुलांना न्यायला फारसं कोणी येत नाही.

“कर्ज मी घेतलं नाही,” उत्पला म्हणाली. हे वाक्य तिने इतक्या खिडक्यांपुढे म्हटलं होतं की आता त्यात जीव उरला नव्हता. “तेव्हा मी घराबाहेरसुद्धा पडत नव्हते.”

“मी मानतो ना,” टेंभेकर म्हणाले. ते साठीचे, जाड भिंगांचे, कायम कशावर तरी वैतागलेले गृहस्थ होते. “तुमची स्वभावमुद्रा, म्हणजे तुमच्या स्वभावाची साठवलेली नोंद, एका भांडारातून चोरीला गेली, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. चोरांनी तिच्यावरून तुमची प्रतिकृती उभी केली. ती तुमच्यासारखा विचार करते, तुमच्यासारखी अडखळते, सही करण्याआधी तुमच्याइतकीच रेंगाळते. चोर तिला म्हणाले, घरी निकड आहे, कर्ज घे. तिने घेतलं. पैसे घेऊन ते पसार.”

“ती प्रतिकृती पोलिसांनी पकडली ना?”

“पकडली. इथंच आहे, या पेटीत. तिची जुळणी सत्त्याण्णव.”

“आणि माझी एक्केचाळीस.”

“तेच तर रडगाणं आहे. पतपत्रिका मंडळ म्हणतं, प्रतिकृती बाळगणं हा गुन्हा नाही. अर्धं नागपूर वीजबिलं भरायला अशी प्रतिकृती प्रतिहस्तक म्हणून ठेवतं. ही तुमचीच प्रतिहस्तक, म्हणून कर्जही तुमचंच. हरकत घ्यायची असेल तर ती फक्त उत्पला मेश्राम घेऊ शकतात.”

“मग मी कोण आहे? रक्त तपासा, ठसे घ्या.”

“शरीर तुमचंच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ठसे, बुबुळं, आवाज, चेहरा, सगळं यंत्रं हुबेहूब बनवायला लागली तेव्हापासून पतपत्रिका शरीराच्या नावावर नसते. ती स्वभावाच्या नावावर असते.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे चोराला संन्याशाची कफनी संन्याशापेक्षा चांगली बसत होती.

“माणूस बदलत नाही का, सर?”

“बदलतो. हळूहळू बदलला तर यंत्र मागोमाग येतं. तुमचं तसं झालं नाही. एका दुपारी तुमची मुद्रा मधोमध तुटली आहे. आम्ही त्याला स्वभावभंग म्हणतो. कायद्यात त्याचा अर्थ एकच, माणसाच्या जागी दुसरंच कोणी आलं. त्या दुपारपासूनच्या तुमच्या सगळ्या नोंदी यंत्राने ‘अनोळखी’ म्हणून बाजूला टाकल्या आहेत.”

“त्या दुपारी सुमेध गेला.”

“ठाऊक आहे ताई. पण दुःखाने एवढं होतं, हे यंत्राला दाखवायचं कसं?”

उत्पलाने पेटीकडे बघितलं. काटोलच्या रोपवाटिकेत संत्र्याच्या झाडांचे रोग तपासणं हे तिचं काम होतं. तिने त्याच भाषेत विचार केला, कारण दुसरी भाषा तिला तेव्हा सुचत नव्हती.

“समजा, एकाच झाडाचे दोन डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, घेऊन दोन कलमं केली. एकाला डिंक्या लागला, दुसरं निरोगी राहिलं. दोन्ही शेजारी ठेवली तर कोणीही म्हणेल, ही जातच वेगळी. आम्ही काय करतो माहीत आहे? निरोगी कलमाला तोच रोग लावून बघतो. तेही तसंच वाळलं, तर जात एक.”

टेंभेकरांनी चष्मा काढला. “म्हणजे प्रतिकृतीला...”

“सुमेध गेल्याचं सांगायचं. तिला ते माहीत नाही ना?”

“नाही. तिच्या लेखी ते अजून आहेत.”

हे ऐकून उत्पलाला त्या पेटीतल्या बाईचा हेवा वाटला. चोरांनी बनवलेल्या, पोलिसांनी जप्त केलेल्या त्या बाईचा सरळ सरळ हेवा वाटला.

टेंभेकर आता उठून येरझाऱ्या घालत होते. “बरोबर आहे. बातमी ऐकून ती तुमच्यासारखी झाली, तर तुम्ही म्हणजे तीच, पुढे जगलेली. आणि कर्ज तर तुम्ही अशा होऊन बसल्यानंतरचं आहे. म्हणजे कर्जावरची ती धडधाकट मुद्रा तुमची असूच शकत नाही. शेरा त्याच दिवशी पुसला जाईल.” मग ते थांबले. “सांगणार कोण?”

“मीच सांगते. सर, तिला दुखेल का?”

“दुखतं की नाही ते मला माहीत नाही. दुखल्यावर माणूस जे करतो ते सगळं ती करेल, एवढं माहीत आहे.”

त्या दिवसाची हकिकत उत्पलाने सांगितली आणि यंत्राने प्रतिकृतीभोवती तो दिवस उभा केला. सुमेधचं मुतखड्याचं साधं ऑपरेशन होतं. ‘तू इथं बसून काय करशील, कामावर जा,’ असं तोच म्हणाला होता. दुपारी ती रोपवाटिकेत असताना दवाखान्यातून फोन आला. केंद्राने उत्पलाचा आवाज बदलला आणि पलीकडे घंटी वाजली.

“हॅलो, कोण बोलून राहिलं?” उत्पला स्वतःचाच आवाज ऐकत होती. तो किती मोकळा होता. “दवाखान्यातून ना? झालं का ऑपरेशन? त्याला सांगा, मी डबा घेऊन येते, तोंडल्याची भाजी आहे, नाक मुरडू नको म्हणा.”

“ताई, तुम्ही उन्हात आहात का?” उत्पला म्हणाली. “आधी सावलीत बसा. जवळ कोणी आहे? त्यांना बोलवा. मी थांबते.”

ती थांबली. मग तिने सांगितलं, हळूहळू, काही न लपवता. भूल दिल्यावर हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. त्याला कळलंसुद्धा नाही. पलीकडची बाई रडली, तेव्हा उत्पलाने तिला रडू दिलं. बाईने पुन्हा पुन्हा तेच विचारलं, तेव्हा उत्पलाने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. “तुम्ही येईपर्यंत त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेलं असेल,” असंही सांगितलं. बहिणीला फोन लागेपर्यंत तिने लाईन सोडली नाही.

यंत्राने तिची पुढची तीन वर्षं कालवेगाने काही मिनिटांत नेली. आता उत्पलाशी तिची जुळणी त्रेसष्ट.

टेंभेकर पडद्यावर त्या तीन वर्षांचा उलगडा वाचत राहिले आणि त्यांचा आवाज उतरत गेला. “ही दुःखात आहे, पण दार उघडते. बहिणीकडे जाऊन राहते. आणि...” ते अडखळले. “तिसऱ्या महिन्यात ती बालगृहात जाते. मुलीला घरी घेऊन येते.”

उत्पलाने शाल घट्ट ओढली. केतकीची तीन वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी असलेली, दुसऱ्यांचे आईबाप येताना बघणारी.

“ताई, काहीतरी राहिलं आहे,” टेंभेकर हलकेच म्हणाले. “बातमी तीच होती. सांगितली कशी होती?”

हे तिने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. रोगाचा जंतू तेवढा बघायचा आणि तो शिरला कुठून ते विसरायचं, ही चूक तिने शिकाऊ पोरांची कितीदा तरी काढली होती.

“फोन आला. मी हेच बोलले, भाजीचं. तो माणूस म्हणाला, ‘मेश्राम का? बॉडी न्यायला कोण येऊन राहिलं? सहाच्या आत या, मग कुलूप लागते.’ मी विचारलं, ‘कोणाची?’ त्याने फोन ठेवला होता.”

टेंभेकरांनी पडद्यावरचा उलगडा मिटवला.

“तिला पुन्हा मागे नेता येईल?” उत्पलाने विचारलं.

“येईल. आत्ताचं काहीच तिला आठवणार नाही. मी बोलतो. तुम्ही बाहेर बसा.”

“नको. त्या माणसाने कसं म्हटलं होतं ते मलाच माहीत आहे.”

पुन्हा घंटी वाजली.

“हॅलो, कोण बोलून राहिलं? दवाखान्यातून ना? झालं का ऑपरेशन? त्याला सांगा, मी डबा घेऊन येते, तोंडल्याची भाजी आहे, नाक मुरडू नको म्हणा.”

“मेश्राम का?” उत्पला म्हणाली. बदललेला आवाज पुरुषाचा होता, कंटाळलेला. “बॉडी न्यायला कोण येऊन राहिलं? सहाच्या आत या, मग कुलूप लागते.”

पलीकडे वाऱ्यात पानं हललेली ऐकू आली.

“कोणाची?”

एक शब्द जास्त बोलली असती तर जुळणी बिघडली असती आणि केतकी गेली असती. उत्पलाला ते पक्कं ठाऊक होतं. तरी तिचं बोट फोन तोडायच्या बटणावर थांबलं. सावलीत बस, एवढंच म्हणायचं होतं. तिने फोन तोडला.

कालवेग संपायला तेवढाच वेळ लागला. या वेळी टेंभेकरांनी उलगडा वाचला नाही. फक्त आकडा सांगितला. चौऱ्याण्णव.

“जुळलं,” ते म्हणाले. “तुम्ही तुम्हीच आहात, ताई.” त्यांनी आदेश मंडळाकडे पाठवला, आणि बघता बघता पतपत्रिकेवरचा शेरा निघाला. उद्या समिती उघडली की केतकीला आणता येणार होतं. टेंभेकरांनी डोळे पुसले आणि पेटीकडे वळले. “चोरीची प्रतिकृती आता पुसावी लागते. नियम आहे.”

“त्याआधी मला एकदा फोन लावू द्या. माझ्याच आवाजात.”

“आता काय सांगणार तिला?”

“काही नाही. जेवली का, विचारते.”

त्यांनी लाईन जोडून दिली. घंटी वाजायला लागली. वाजत राहिली. पडद्यावर प्रतिकृती जागी दिसत होती, फोनही तिच्या शेजारीच होता.

“उचलत का नाही?” टेंभेकर म्हणाले.

“उचलणार नाही,” उत्पला म्हणाली. “त्या दुपारपासून मी अनोळखी फोन उचललेला नाही.”

“मग ठेवा ना ताई.”

तिने ठेवला नाही. ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि घंटी वाजू देत राहिली.