पेरिनाबाईच्या घरातला पाहुणा

"विच्कोला पोहायला मीच शिकवलं, म्हणून त्यानं मलाच सांगितलं," येर्को काका म्हणाले. धक्क्यावरच्या बंद खानावळीच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं जरा जवळ सरकली.

गेल्या वर्षीची गोष्ट. दोन नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस. विच्को झाग्रेबहून आपल्या कोर्चुला बेटावर आला तो आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला. लावून संध्याकाळच्या बोटीनं परत जायचं होतं. पण दक्षिणेचा वारा उठला आणि बोट रद्द झाली.

हिवाळ्यात आपल्या जुन्या गावात राहतंय कोण! घरं सगळी भाड्यानं राहणाऱ्या पाहुण्यांची, आणि पाहुणे उन्हाळ्यातले. फोनवर एकच खोली मिळाली. पत्ता विच्कोनं दोनदा वाचला. त्याच्या आईचं, पेरिनाबाईचं घर. 'दोन महिने राहा, मग नेतो' म्हणत त्यानं तिला स्प्लिट शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं आणि परस्पर घर विकून टाकलं होतं. चार वर्षं वाट बघून म्हातारी गेली.

गल्लीत शेजारची दिंका भेटली.

"आईच्या घरी पाहुणा आलास होय रे?"

"बोट नाही, दिंकामावशी."

"मग जा की. चादरी स्वच्छ असतात म्हणे तिथं."

दाराला आता आकड्यांचं कुलूप. आत सगळं पांढरंफेक, आईची चूलसुद्धा नाही. विच्कोनं सदरा खुर्चीवर टाकला, आतून कडी लावली आणि आडवा झाला. बाहेर समुद्र भिंतीवर आपटत होता.

मग वारा थांबला. एकदम.

जिन्यावर पावलं वाजली. हळू, एकेक पायरी धरत. दारापाशी थांबली.

"पाहुणे... जागे आहात का?"

विच्को उठून बसला. आईचा आवाज.

"त्रास नाही ना काही? तेवढंच विचारायला आले. माझा मुलगा यायचाय मला न्यायला... तुम्हाला कुठं दिसला तर सांगाल?"

आयुष्यात तिनं त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"आई... आई, मीच आहे. विच्को."



"नाही हो," ती म्हणाली. समजूत घालावी तशी. "माझा विच्को पाहुणा म्हणून कशाला येईल? घर आहे ना त्याचं."

तो उठला. कडीपर्यंत हात गेला...

नाही उघडली त्यानं. नाहीच उघडली.

पावलं खाली उतरली. बराच वेळ उतरत राहिली.

उजाडल्यावर त्यानं पाहिलं, कडी आतून तशीच होती. त्यानं सदरा चढवला आणि सवयीनं गळ्याशी हात नेला. तिथलं बटण कधीचं तुटलं होतं. आता तिथं बटण होतं. काळ्या दोऱ्यानं घट्ट शिवलेलं. दोरा कात्रीनं कापलेला नव्हता, दातानं तोडला होता.

टोक अजून ओलं होतं.