राखणदाराचा वाटा

मालवणात भरडावर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर सायबर कॅफे होता. साल २००९. चार-पाच संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि गल्ल्यावर सलोनी, एवढाच त्याचा संसार. रेल्वेची तिकिटं काढ, नोकरीचे अर्ज भर, पर्यटकांच्या फोटोंच्या सीड्या करून दे, यात तिची सकाळ जायची. दुपारी उन्हाने रस्ता ओस पडला की दांडी किनाऱ्यावरची तिच्याच वयाची मुलं वर यायची आणि सगळे मिळून बेटांचा, गलबतांचा एक ऑनलाईन खेळ खेळायचे. मासळी बाजारात बसणाऱ्या तिच्या आईला, हिराला, हे असलं खूळ मुळीच पसंत नव्हतं.

खेळातल्या त्यांच्या संघाचं नाव होतं ‘दांडीची रापण’. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने मिळून ओढायचं भलंमोठं जाळं. जी मासळी लागेल तिचे वाटे पडायचे. तोच कायदा त्यांनी खेळात लावला. लढाईत मिळालेलं सोनं, चिलखतं, लाकूड, शिडं, सगळं एका सामाईक कोठारात जायचं आणि मग वाटे व्हायचे. दोन वर्षं खपून ते सगळ्यांचं एक गलबत बांधत होते.

शिवाचे वडील वाडीच्या रापणीला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, घालायचे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, “देवाचो वाटो पयलो.” म्हणून ‘राखणदार’, म्हणजे वाडी राखणारा देव, या नावाचं एक खातं उघडलं, त्याच्या खेळातल्या गड्याला घोंगडी आणि काठी दिली आणि शिवाने डोळे मिटून कळफलकावर दहाही बोटं फिरवून त्याचा पासवर्ड टाकला. देवाचं खातं माणसाला उघडता येता कामा नये, असा त्याचा हिशेब. सगळे पोट धरून हसले होते. पण कोठारातला एक कप्पा राखणदाराच्या नावाने राहिला आणि त्यात प्रत्येक वेळी इमानाने वाटा पडत गेला. यादीत सगळ्यांच्या नावापुढे खेळताना हिरवा ठिपका यायचा. राखणदारापुढे कधीच नाही.

कोठाराची चावी, म्हणजे पासवर्ड, सलोनीकडे होती. पोरगी एक खिळा इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही.

दिवाळी झाली आणि एका दुपारी कोठार उघडलं तर आत शुकशुकाट. चिलखतं नाहीत, सोनं नाही, गलबत नाही. राखणदाराचा कप्पासुद्धा झाडून नेलेला. आणि हे सगळं बाहेर काढलं होतं सलोनीच्याच खात्यातून.

“चावी कोणाकडे होती?” संघातल्या नितेशने सगळ्यांसमोर विचारलं. “मगे आणखी कोण नेतलो?”

तेवढं पुरलं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण मुलं येईनाशी झाली. सख्ख्या भावाने, किरणने, तिच्या शेजारची खुर्ची सोडून कोपऱ्यातली धरली. बाजारात एका गिऱ्हाइकाने हिराला हसत हसत विचारलं, “तुझ्या चेडवान पोरांका लुटल्यान म्हणे?” हिराने घरी येऊन तो राग भांड्यांवर काढला. खेळाच्या कंपनीने उत्तर पाठवलं की पासवर्ड तुमचा, जबाबदारी तुमची. खेळातलं गलबत चोरीला गेलं म्हणून पोलिसांत जायची सोय नव्हती.

सलोनीने आपला संगणक स्वतःच उसवून काढला, तेव्हा आत दाबलेली प्रत्येक कळ टिपून पासवर्ड पळवणारा एक चोरटा प्रोग्राम सापडला. तो बसवल्याची तारीख होती नितेशने “व्हायरस काढतंय” म्हणून तिचं मशीन ताब्यात घेतलं होतं त्या दिवसाची. तोवर नितेश सावंतवाडीजवळ इन्सुलीला मामाच्या हॉटेलात कामाला निघून गेला होता. फोनवर त्याने सरळ कानांवर हात ठेवले.

“पुरावो खंय आसा?” म्हणाला, आणि हसला.

त्या हसण्याने सलोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल गेल्याचं तिला तितकंसं वाटलं नव्हतं. चोर म्हणून जगावं लागत होतं ते तिच्याने सहन होत नव्हतं. याला असं काहीतरी व्हावं की जन्मात परत हसता येऊ नये, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं.

तिने सगळ्यांना खेळात बोलावलं. किरण आला तो शिवाने ओढून आणला म्हणून. रिकाम्या कोठारासमोर त्यांचे गडी गोल उभे राहिले आणि सलोनीने इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल मालवणीत, गाऱ्हाणं लिहायला घेतलं.

“बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या लेकरांका आज चोर ठरवल्यानी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटल्या.

“ज्या नितेशान आमचो आणि तुझो वाटो नेलो, तेच्याकडसून तू तुझो वाटो वसूल कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सलोनीने हात थांबवले. शिवा शेजारच्या संगणकावर होता. तो वळून हळूच म्हणाला, “खंय थांबायचा, ता सांग. ता सांगल्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होणा नाय. बाबा नेहमी सांगतत.”

“माका म्हायत आसा,” सलोनी म्हणाली, आणि गाऱ्हाणं तिथेच सोडून तिने खेळाची खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राखणदारापुढे हिरवा ठिपका होता.

“शिवा, चेष्टा पुरे हां,” किरण म्हणाला. शिवाने आईची शपथ घेतली. त्याचा चेहराच सांगत होता की त्याने काही केलेलं नाही. यादीत नावापुढे ठिकाणही दिसतं. राखणदार जुन्या बंदरावर होता. किरणने आपला गडी तिकडे नेला. घोंगडी पांघरलेला, पाठमोरा, काठी टेकत तो निघालेला. त्या खेळात सगळे गडी धावतात. चालायची सोयच नाही. हा चालत होता.

किरणने हाक लिहिली. उत्तर आलं नाही.

रोज ठिकाण बदलत गेलं. एक बेट, मग पुढचं. त्याची वाट यादीत नितेशचं ठिकाण दिसायचं त्या बेटाकडे चालली होती, हे नकाशावर बोट ठेवून कोणीही सांगितलं असतं. मुलं पुन्हा जमू लागली, पण हसणं-खिदळणं नव्हतं. सलोनी मात्र रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ते ठिकाण बघायची आणि तिला बरं वाटायचं. अगदी मनापासून बरं वाटायचं.

तो त्या बेटावर पोचला. त्यानंतर यादीतली ठिकाणाची जागा रिकामी झाली. ठिपका हिरवाच राहिला.

मग एका भर दुपारी सावंतवाडीच्या एसटीने नितेश आला. जिना चढून तो गल्ल्यासमोर उभा राहिला तेव्हा सलोनीने त्याला आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला टांगावा तसा अंगावर.

“माल परत टाकलंय,” तो म्हणाला. “गलबत, सोना, सगळा. बघ.”

तिने पाहिलं. कोठार भरलेलं होतं. राखणदाराच्या कप्प्यासकट.

“ह्यांका सांग,” ती म्हणाली.

त्याने किरणकडे, शिवाकडे वळून सांगितलं. प्रोग्राम मी बसवला, माल मी विकायला काढला, सलोनीचा काही संबंध नाही. किरणची मान खाली गेली. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं.

“आता माका सोडव गो,” नितेश म्हणाला. “तो माझ्या पानातसून वाटो नेता. पयलो एक घास नायसो जाय. आता अर्धा पान. मामीन वाढलेला, तिच्या डोळ्यांदेखत. भायर काठी वाजता, आणि पानात बघूचा तर...”

“खुळो झालंस तू,” शिवा म्हणाला, पण खुर्चीवरून उठून उभा राहिला.

नितेशने डावा हात गल्ल्यावर ठेवला. करंगळीला नख नव्हतं. जखम नाही, रक्त नाही, व्रण नाही. तिथे नुसती गुळगुळीत कातडी होती.

“दुखाक नाय,” तो म्हणाला. “काल सकाळी उठलंय, तर नाय.”

 पंखा कुरकुरत राहिला.

“सलोनी,” शिवा म्हणाला, “गाऱ्हाणा पुरा कर. थांब म्हणून सांग.”

तिने खेळ उघडला. तिचा गडी कोठारासमोर उभा होता. शिवा आणि किरण आपापल्या जागी जाऊन बसले. त्यांचे ठिपके हिरवे झाले.

तिने बोटं कळांवर ठेवली.

पडद्यापलीकडे नितेश उभा होता. घामाघूम. हात जोडलेले. ते हात बघताना तिला त्याचं फोनवरचं हसणं आठवलं. किरणने सोडलेली खुर्ची आठवली. भांडी आदळणारी आई आठवली. एवढ्या लवकर? तिच्या मनात आलं. अजून नको. अजून थोडं जाऊ दे त्याचं.

तिने एक अक्षरही दाबलं नव्हतं.

पडद्यावर राखणदाराच्या नावाने एक ओळ उमटली. होय म्हाराजा.

सलोनीने झटकन मान वर केली. नितेश तिला काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, आणि खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.