यागोचं फळ

"आईचा मार खायला पाठ मोकळी ठेव," होडीतली मासेवाली अडोयो म्हणाली आणि भाजलेलं अर्धं कणीस तिनं ओवितीच्या हातावर ठेवलं. "आधी मारेल, मग रडेल, मग वाढेल. आयांचं ठरलेलं असतं."

ओविती हसला. पंधरा वर्षांचा पोर. काकाबरोबर मासे धरायला गेला आणि वादळात होडी उलटली. काका पोहत काठाला लागला, याला सरोवरानं दूरच्या बेटावर नेऊन टाकलं. तिथल्या कोळ्यांनी त्याला तापातून उठवलं. बेटावर फोन लागत नव्हता, त्यामुळे घरी निरोप गेला नव्हता. पण जिवावरचं शेपटावर निभावलं होतं आणि आता तो घरी निघाला होता.

त्याच्या आईची, अपोन्दीची, आधीची मुलं तान्हेपणीच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला वाटेवर टाकलं, शेजारणीनं उचलून आणलं आणि नाव ठेवलं ओविती, म्हणजे टाकलेला. मरणाची नजर पोरावर पडू नये, एवढ्यासाठी.

ऊन डोक्यावर आलं. अडोयो सुनेच्या कागाळ्या सांगत होती. सांगता सांगता ती थांबली. तिची नजर ओवितीच्या तोंडावरून घसरून पाण्यावर गेली.

"पोरगा कुठाय?"

"इथंच आहे की," ओविती म्हणाला.

"आत्ता इथं होता. अहो, होडी थांबवा. पोर पाण्यात गेलं."

त्याला आधी थट्टाच वाटली. पण नावाड्यानं इंजिन बंद केलं, दोघं जण पाण्यात उतरले आणि अडोयो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. त्यानं तिचा खांदा हलवला. वाऱ्यानं उडाल्यासारखं तिनं खांद्यावरचं कापड सावरलं. ओवितीनं हातातलं कणीस खाऊन पाहिलं. चव लागत होती. म्हणजे आपण मेलेलो नाही, एवढं त्यानं मनाशी धरून ठेवलं.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. कडेला ताज्या मातीचा ढीग होता. त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. सरोवरानं प्रेत परत दिलं नाही तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात, हातभर लांब आणि लाकडासारखं जड. आजोबांच्या भावासाठीही तसंच पुरलं होतं.

"दुपारी उरकलं ते बरं झालं," काका कुणाला तरी सांगत होता. "वहिनी ऐकतच नव्हती. येईल, येईल म्हणायची. शेवटी म्हटलं, वहिनी, पोराचा जीव भटकत असेल, त्याला निजू दे आता."

आई डोकं भादरून चुलीपाशी बसली होती. ओविती तिच्यासमोर बसला.

"आई, मी आलोय. मार हवं तर."

ती त्याच्या आरपार भिंतीकडे बघत होती. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा मुंग्या आल्यासारखा तिनं पाय झटकला. तो इतका कधी रडला नव्हता.

मग त्याच्या मनात आलं, पुरल्यामुळे दिसेनासा झालो, तर उकरल्यावर दिसेन.

माणसं जेवायला बसली तेव्हा त्यानं हातांनी माती उपसली. फळ त्याच्याच शाळेच्या सदऱ्यात गुंडाळलेलं होतं. मातीत असूनही ते कोमट होतं. त्यानं ते उचलून आणलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

आईनं खाली बघितलं.

तिनं सदऱ्याची गाठ सोडली. फळावरची माती हातानं पुसली.

"आलास," ती म्हणाली. "केवढा वाळलास रे."

"आई, मी इकडं आहे."

काका दारातून आत आला आणि थबकला. ओवितीला हायसं वाटलं. आता काका ओरडेल, ते उचलून बाहेर नेईल.

काका फळापुढं मटकन खाली बसला.

"ओविती, पोरा, कुठं होतास रे इतके दिवस?"

आईनं ताटलीत मक्याच्या पिठाची उगाली आणि माशाचं कालवण वाढलं. डोक्याकडचा तुकडा, ओवितीच्या आवडीचा. ताटली फळापुढं ठेवून ती पाणी आणायला उठली. काका डोळे पुसत तिच्यामागं गेला.

ओवितीला भूक लागली होती. त्यानं हात पुढं केला.

ताटली रिकामी होती. काटे एका कडेला ओळीनं लावून ठेवले होते, तो लहानपणापासून ठेवायचा तसेच.