माझ्यावांगडा ये

आज सोमवार. माझा उपास आहे, आणि उपासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही. इथे लिहिते आहे त्यातलं एक अक्षर जरी पदरचं असलं, तर आजचा माझा नेम देवाने मोजू नये. याहून मोठी शपथ मला येत नाही.

हे भांडुपला घडलं. सन छप्पनचा पौष. दिवेलागणीची वेळ.

घडलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत. पद्मजावहिनी त्यांचं नाव.

तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला वस्ती फार नव्हती. रुळांचं फाटक ओलांडून थोडं पुढे आलं की वाट फुटायची. उजवीकडची आमच्या चाळींकडे यायची. डावीकडची मिठागरांच्या बांधांवरून खाडीकडे जायची आणि तिथेच संपायची. दिवसा मिठागरात माणसं असत. सूर्य कलला की तिकडे चिटपाखरू नसे.

वहिनी घाटकोपरला एका कंपनीत टेलिफोन बोर्डावर होत्या. त्यांचा आवाज फार स्वच्छ. पितळेच्या वाटीवर चमचा वाजावा तसा. ज्यांनी वहिनींना कधी पाहिलं नव्हतं अशी माणसंही तो आवाज ओळखायची.

मार्तंडभावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, छातीच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. इंजेक्शनं चालू होती, पण डॉक्टर नीट बोलत नव्हते. औषधपाणी सगळं वहिनींच्या पगारावर.

सासूबाई रोज निघताना बजावायच्या.

"बायकांच्या डब्यातच बस. पदर दोन्ही खांद्यांवरून घे. कोणी वाट विचारली, वेळ विचारली, तरी तोंड उघडू नकोस. एकदा बोललं की माणूस चिकटतो."

"हो, सासूबाई."

"हो काय? काल त्या फाटकवाल्या दशरथशी बोलत होतीस म्हणे."

"तो म्हातारा आहे हो."

"म्हातारा असला म्हणून काय झालं? तोंड आहे ना त्याला!"

त्या दिवाळीनंतर भावोजींचा ताप हटेना. तेव्हा वहिनींनी देवापुढे पाणी सोडलं. ज्या आवाजावर घर चालतंय, तोच देवाला वाहायचा. कचेरीतून पाऊल बाहेर पडलं की घरी देवापुढे दिवा लागेपर्यंत मौन. भावोजी हिंडूफिरू लागेपर्यंत.

सासूबाई खूश झाल्या. "झकास! पुण्य आहेच, आणि वाटेतली बडबड बंद."

आणि खरंच... ताप उतरायला लागला.

फाटकावर दशरथ थट्टा करायचा. "काय बाई, आजपण कुलूप?" वहिनी हसून मान डोलवायच्या आणि पुढे जायच्या.

त्या संध्याकाळी खाडीवरून धुकं आलं होतं.

वहिनी झपझप चालल्या होत्या. मन हलकं होतं. सकाळीच भावोजी पहिल्यांदा उशीला टेकून बसले होते, पेज मागून प्यायले होते.

वाट फुटते तिथे मागून आवाज आला.

कुईं... कुईं... कुईं...

पत्र्याच्या ट्रंकेची कडी कुरकुरत होती. मग धावती पावलं.

"बाय! ओ बाय!"

एक पोरगी होती. अठरा-एकोणीसची. हातात ट्रंक, कपाळावर घाम. बोलीवरून मालवणकडची.

"बाय, काशीरामाची चाळ खंय आसा? माझो भाव रवता थंय. सहदेव. टेसनार येवचो होतो, पन इलोच नाय."

काशीरामची चाळ आमच्या चाळीला लागूनच. वहिनी रोज तिच्यावरून जायच्या.

पोरगी जवळ सरकली. आवाज अगदी बारीक केला.

"थंय बघा... तो मानूस. दादरपासना माझ्या पाठसून येता. माका भीती वाटता. मी तुमच्यावांगडा येव?"

वांगडा. म्हणजे सोबत.

वहिनींनी मागे पाहिलं. धुक्यात एक माणूस उभा होता. चेहरा दिसत नव्हता. चालत नव्हता, हलत नव्हता... नुसता उभा.

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. वर आभाळाकडे हात जोडले. व्रत आहे, बोलता येत नाही, असं सांगायचं होतं. मग उजवीकडे हात करून 'चल' म्हणून खुणावलं.

पोरगी बघतच राहिली.

"बोला मां, बाय... बोलनास कित्याक नाय?"

वहिनींनी पुन्हा बोट ओठांवर ठेवलं.

तेव्हा त्या पोरीची नजर हळूच खाली गेली...

वहिनींच्या पायांकडे.

लुगड्याची किनार जमिनीला टेकली होती. वर गुडघ्यापर्यंत धुकं. पाय दिसत नव्हते.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिन्हीसांजेला, सामसूम वाटेवर, एक बाई. बोलत नाही. पाय दिसत नाहीत. हात करून बोलावते आहे.

ती एक पाऊल मागे सरली. मग दुसरं.

आणि वळून पळाली... डावीकडे. मिठागरांकडे.

तिकडे नको.

दोनच शब्द. वहिनींच्या जिभेच्या टोकावर आले. तोंड उघडलंसुद्धा.

पण डोळ्यांपुढे भावोजी आले. उशीला टेकलेले. पेजेची वाटी हातात.

वहिनींनी ओठ आवळले.

बोलता येत नाही म्हणून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पोरीने थांबावं म्हणून. पण मागून टाळ्या ऐकू आल्या तशी ती आणखीच जिवाच्या आकांताने धावली. कडीचा आवाज धुक्यात लांब लांब गेला.

वहिनी तिच्यामागे दोन पावलं गेल्या.

तेवढ्यात तो माणूस चालायला लागला.

वहिनीसुद्धा बाईच होत्या. एकट्याच होत्या. त्या उजवीकडे वळल्या आणि घरापर्यंत धावत आल्या.

मी दारातच होते. मला ढकलून त्या देवापाशी गेल्या. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, मोडली. शेवटी वात पेटली, आणि त्या ज्योतीकडे बघून वहिनी किंचाळल्या,

"तिकडे नको!"

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, कोणाला सांगतेस?"

आमचे हे, शेजारचे चारजण, दशरथ, सगळे कंदील घेऊन गेले. बांधावर ट्रंक मिळाली. कुलूप तसंच. पोरगी सकाळी मिळाली. ओहोटी लागल्यावर.

रत्नप्रभा तिचं नाव.

त्या माणसाचा पत्ता लागला नाही. दशरथ छातीवर हात ठेवून सांगायचा, "बाईंच्या मागून ती पोरगी गेली. तिच्यामागे कोणी गेलंच नाही. मी फाटकातच होतो."

मग वहिनींनी पाहिला तो कोण? मला आजवर कळलेलं नाही.

तेरावा झाल्यावर तिचा भाऊ सहदेव आमच्याकडे आला. गिरणीत पाळी लांबली, स्टेशनवर पोचायला उशीर झाला, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. जाताना वहिनींच्या पाया पडला.

"बाय, तुमी मानसा धाडलात म्हणान ती गावली तरी. नायतर खाडयेत खंय गेली असती कोण जाणा."

रत्नप्रभेच्या ट्रंकेतली आमसुलं त्याने आणली होती. भावासाठी आणलेली. ती वहिनींच्या हातावर ठेवली.

ती आपल्याशी बोलली होती, आणि आपण बोललो नव्हतो, हे वहिनींनी त्याला सांगितलं नाही.

ती आमसुलं आमच्या फडताळात वर्षानुवर्षं राहिली. आमटीत घालायचा धीर कोणाला झाला नाही. टाकायचाही नाही.

भावोजींना मात्र वहिनींनी सगळं सांगितलं. मी पलीकडे भाकऱ्या करत होते, ऐकू येत होतं.

"अगं, एक शब्द बोलली असतीस तर मी काही मेलो नसतो."

"हे तुम्ही आज म्हणता. जगलात म्हणून म्हणता."

त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत.

ते बरे होत गेले. अंगावर मांस चढलं. आणि जसजसे ते बरे होत गेले, तसतशा वहिनी खंगत गेल्या. मौन त्यांनी सोडलं नव्हतं. म्हणायच्या, "एवढं देऊन घेतलंय, ते अर्धवट कसं सोडू?"

मग एका सकाळी दशरथने त्यांना हटकलं.

"बाई, मौन सुटलं वाटतं?"

"नाही. का?"

"काल संध्याकाळी वाटेवर कोणाशी तरी बोलत होतात ना. 'तिकडे नको, तिकडे नको' करून."

वहिनींच्या अंगावर काटा आला. आदल्या संध्याकाळी त्या एकट्या होत्या. ओठ शिवल्यासारखे घट्ट.

"तुमचाच आवाज हो. मी काय ओळखत नाही?"

दोन दिवसांनी दूधवाली मालन म्हणाली, "पद्मजाबाय, रोज कुनाला रस्ता सांगता गं? कोन येते तुमच्यासंगती?"

मग भावोजींनीही ऐकला. खिडकीतून. वहिनी वळणावर दिसल्या, आणि त्यांच्या पुढे, अगदी स्पष्ट... त्यांचा आवाज.

सगळ्यांना ऐकू यायचा.

एकट्या वहिनींना नाही.

शेवटी सासूबाईंनी मला त्यांना आणायला धाडलं. स्टेशनापासून आम्ही दोघी हात धरून निघालो. फाटक ओलांडलं. वाट फुटते तिथे आलो.

"तिकडे नको..."

समोरून आला. पितळेच्या वाटीवर चमचा वाजावा तसा. मी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी माझा हात इतका दाबला की माझी बांगडी पिचली. मग... व्रत मोडून, तिथेच उभ्या राहून त्यांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठल्या. ओठ हलले. तेच दोन शब्द, मला ओठांवरून वाचता आले.

आवाज निघाला नाही.

घरी बोलता आलं. कचेरीत बोर्डावर तर नेहमीसारखा खणखणीत आवाज. पण त्या वळणावर पुन्हा कधीही वहिनींच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिथला आवाज जणू त्यांच्याकडून काढून घेतला होता.

भावोजी कामावर जाऊ लागले. व्रताचं उद्यापन झालं. वहिनींनी नोकरी सोडली, संध्याकाळी उंबरा ओलांडणं सोडलं.

मला वाटलं, आता संपलं.

पुढच्याच पौषातली गोष्ट. मी मुलुंडला माहेरी गेले होते. परत येताना गाडी रखडली, उतरले तेव्हा अंधारून आलं होतं. धुकं तसंच. दशरथ फाटकावर नव्हता.

थोडं चालले आणि मागे पावलं वाजली.

मी थांबले. पावलं थांबली.

मी रामरक्षा म्हणायला लागले. पुढची ओळ आठवेना. रोज म्हणते हो मी, आणि आठवेना. पाय भराभर उचलले. धुक्यात वाट फुटली ती दिसलीच नाही. पायाखाली मऊ ओली माती लागली आणि खारट वास आला...

"तिकडे नको."

वहिनी! मला न्यायला आल्या असतील. रडू फुटायचंच बाकी होतं. मी आवाजाकडे वळले.

"इकडे. ये. माझ्यावांगडा ये."

मी त्या आवाजामागे चालत राहिले. मागची पावलं कधी थांबली, कळलं नाही. चाळीच्या दिव्यापर्यंत आल्यावर मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमच्या वहिनी पक्क्या पुण्याच्या. वांगडा हा शब्द त्या कधी बोलणार?

मी दारात आले. वहिनी देवापुढे बसून वाती वळत होत्या. पायाला धूळसुद्धा नव्हती. दिवा अजून लागायचा होता.

त्यांनी माझे चिखलाने भरलेले पाय पाहिले. सगळं समजल्या.

"माझा आवाज आला?"

"हो. चाळीपर्यंत सोडलं मला."

वहिनींच्या हातातली वात तशीच राहिली. मग अगदी हळू विचारलं,

"एकटाच होता गं?"

मी तोंड उघडलं... आणि मिटलं.

सगळी वाटभर माझ्या डाव्या हाताला, अगदी खेटून, एक आवाज चालत आला होता. कुईं... कुईं... कुईं...

चाळीच्या दिव्याशी मला सोडून तो काशीरामच्या चाळीकडे पुढे गेला होता. सहदेवने ती खोली कधीच सोडली होती. खोलीला कुलूप होतं.

आणि वहिनी माझ्याकडे बघत होत्या तेव्हा, त्याच घटकेला, तो आवाज आमच्या दारावरून हळूहळू परत चालला होता. स्टेशनच्या वाटेने.

त्यांना ऐकू येत नव्हता. मला येत होता.

"सांग ना," वहिनी म्हणाल्या. "ती पोचली का घरी?"

दिवा लागायचा होता.

मी ओठांवर बोट ठेवलं.

वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी आपणहून कधी सांगितलं नाही. त्या गेल्या तेव्हाही त्यांचा हात माझ्या हातात होता. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. 'पोचली' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं... पण तो दिवस सोमवारचा होता.